ईहा आमचीबी

नावाचा अर्थ सांगणार, रास काढणार, गोड बाळाचा फोटो दाखवणार, असं वाटलं असेल तर थांबा. मी बाथरूममधलं सांगतेय.

गंगापूर रोडवरचा फ्लॅट. आई खाली पाय पसरून बसलेली, पायांवर मॅडमची पंधरा दिवसांची पोरगी. आई बाळ-बाळंतिणीची मालिश करते, न्हाऊ घालते. त्या दिवशी तिचं मनगट दुखत होतं, म्हणून पाणी ओतायला मी गेलेली. मॅडम दारात उभी.

आई खुशीत म्हणाली, "ताई, आमच्या नातीचं बी ईहाच ठिवतोय. रविवारी बारसं."

मॅडमचं हसू गळालं. "अहो मावशी, सहा महिने शोधलंय ते नाव. संस्कृत आहे. अर्थ तरी माहितीये का? ईहा म्हणजे इच्छा."

"व्हय का? मंग तर लय चांगलं."

"चांगलं काय! तुमच्यात पायल, पिंकी ठेवतात ना, तेच छान वाटतं. उद्या नातीला घेऊन इथे आलात तर दोघींना एकच हाक मारायची? कसं दिसेल ते? दुसरं ठेवा. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

आई म्हणाली, "बरं ताई. पायल ठिवू."

आणि मॅडमच्याच पोरीच्या डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून तिच्या कपाळावर हात आडवा धरला.

सहा महिने शोधलं म्हणे! मोबाईलवर शोधलं. खाणीत उतरली होती काय? त्या घरातलं संस्कृत दारावरच्या पाटीपाशी सुरू होतं, तिथंच संपतं. आणि इच्छा म्हणे त्यांचीच. आम्हाला इच्छा नसते. आम्हाला नुसती भूक लागते.

नाव आईनंच तिथून घरी आणलं होतं. चोरलं म्हणा. वहिनीला लगेच पटलं. का, तर दोनच अक्षरं. तोडायला काही उरत नाय. आमच्यात मंगलची मंगी झाली, सुमनची सुमी. माझं नाव चार अक्षरी, शाळेत त्याचं काय काय झालं ते सांगत नाय. ईहाचं कोण काय करणार?

बसमध्ये मी मॅडमची नक्कल केली. मान तिरकी, नाक वर, "कसं दिसेल ते?" एरवी आई तोंडात पदर कोंबून हसते. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत राहिली. "नकला बास. वहिनीला सांग, पायल."

रविवारी सातपूरच्या आमच्या खोलीत पाळणा बांधला. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या मी. बाळाच्या कानाशी वाकले. आई दोरी धरून, माझ्याकडं टक लावून. कुर्रर्र केलं. मग मोठ्यानं सांगितलं.

"ईहा."

बायकांनी रीतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले, हसत हसत. आईचा बुक्का आला नाय.

घुगऱ्या घेऊन बायका गेल्या. मग आई सुरू झाली.

"पायल म्हनायला जीभ झडली व्हती का तुझी? माझं काम गेलं तर तू देनार हायेस? नकला करून पोट भरतं व्हय?"

"उद्या मी येते तुझ्यासंगं. मीच सांगते तिला."

"काय सांगशील?"

"नातीचं नाव ईहा हाय. बघा दुसरी बाई."

"सटवे! वर तोंड करून सांगतीया! तुला कोन इचारलं गं?"

"कुणी विचारायची वाट बघत नाय मी आता."

आईनं आणखी घातल्या. माझ्या बापापासून माझ्या शाळेपर्यंत कुणाला सोडलं नाय. सगळ्या शिव्या मी उभ्यानं खाल्ल्या. नाव मागं घेतलं नाय.