तीन नंबरचं बेअरिंग तेल पीत नाही

मेलेला माणूस कधी खोटं बोलत नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्या जिनिंग कारखान्यातले तेलवाले आबा जिवंतपणीही खोटं बोलत नव्हते. पण तेव्हा ते नुसते पगारी माणूस होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकण्याचं काही कारण नव्हतं. मेल्यावर त्यांच्या शब्दाला वजन आलं. शब्द तेच होते.

दुसरं मोठं युद्ध सुरू होण्याच्या आधीची दोन-चार वर्षं मी धुळ्याला त्या कारखान्यात साहाय्यक इंजिनिअर होतो. पुण्याहून नुकताच शिकून आलो होतो आणि माझ्याजवळ आकडेमोडीचा स्लाइड रूल होता. भिंतीच्या कडेने, डोक्याच्या वर, एक लांब शाफ्ट फिरायचा. तो ओळीने बसवलेल्या बेअरिंगांवर टेकलेला असे, आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली उतरून सरकी काढणारी यंत्रं फिरवायचे. प्रत्येक बेअरिंगच्या डोक्यावर तेलाचा पितळी कप, कपात सुताची वात, आणि वातीतून थेंब थेंब तेल भोकावाटे आत. आबा दिवसभर शिडी घेऊन हे कप भरत हिंडायचे. कारखान्याच्या चाळीतल्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या अक्का, राहायचे.

त्या वर्षी शेठनी कापसातली धूळ झटकणारं नवं यंत्र आणलं. ते जमिनीवर बसलं असतं. पण उद्घाटनाला एक मोठे साहेब यायचे होते, आणि शेठचं म्हणणं होतं की पाहुण्यांना जिना चढावा लागला पाहिजे. त्याशिवाय यंत्र मोठं वाटत नाही. म्हणून ते माळ्यावर गेलं. शाफ्टच्या तीन नंबरच्या बेअरिंगजवळून रुंद पट्टा वर माळ्याकडे नेला. त्याचा नकाशा मी काढला. साहेब आले, जिना चढले, धाप लागली, हार गळ्यात पडला, त्यांनी दांडा ओढला. भाषणात त्यांनी मला ‘होतकरू’ म्हटलं. हे पुढे मला बरंच महागात पडलं.

आठवड्याभरात आबा माझ्याकडे आले.

“भाऊ, तीन नंबर तेल पेत नही. उलटं वर फेकस.”

“वात बदला,” मी म्हणालो.

“तीनदाव बदली.”

“मग जाड वात घाला.”

ते थोडा वेळ उभे राहिले. मी मान वर केली नाही, म्हणून गेले. पुढे कळलं, की कपातून तेल जात नाही म्हणून ते चालू शाफ्टवर शिडी टेकवून, नळीच्या डब्याने बेअरिंगच्या कडेला हाताने तेल घालत होते. तासातासाला. एका दुपारी, सगळी यंत्रं भरात असताना, त्यांच्या धोतराचा सोगा त्या रुंद पट्ट्यात गेला.

चौकशीचा कागद एक पानाचा होता. ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ असं त्यात लिहिलं होतं. खाली सही लागत होती. मी केली. निष्काळजी माणसाच्या विधवेला कारखान्याची खोली ठेवता येत नाही, असा नियम होता. हंगाम संपला की अक्कांनी खोली सोडावी, असं ठरलं. त्यांना जायला दुसरं घर नव्हतं. भाऊ होता पिंपळनेरकडे, तो दहाव्याला आला आणि अकराव्याला गेला.

दहाव्याला पांझरेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. लोकांनी हात जोडून विचारलं, सांगितलं, विनवलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी गेले. कुणाचंच समाधान झालं नव्हतं.

नवा तेलवाला आला. पहिल्याच दिवशी तो शिडीवरून उतरला तो पांढराफटक होऊन. त्याने कप भरला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत भोकातून तेल वर आलं, बुडबुडा फुटावा तसं, आणि कपाच्या कडेवरून खाली ओघळलं.

“आबाना मनमां काही ऱ्हायनं शे,” मुकादम म्हणाला. “कावळा नही शिवना, आते तेल बी लेत नही.”

मग सुरू झालं. दुपारच्या सुटीत एकेक जण शिडीखाली उभा राहून हात जोडायचा. कुणी म्हणे, तुमच्या गायीला मी चारा घालेन. कुणी म्हणे, अक्कांना सणाला नेईन. मुकादमाने कबूल केलं की त्याने आबांचा अडकित्ता घेतला होता, आणि परत करतो म्हणाला. प्रत्येक कबुलीनंतर नवा तेलवाला वर चढून कप भरायचा, सगळे माना वर करून बघायचे, आणि तेल परत यायचं. मी ऑफिसच्या खिडकीतून हे पाहत असे. मला हसू यायला हवं होतं. पण तो पट्टा पुलीवरून जाताना त्याचा सांधा टप् टप् वाजायचा, आणि त्या आवाजात मला रोज तेच ऐकू येऊ लागलं: तीनदाव बदली. तीनदाव बदली.

शेवटी माणसांनी ठरवलं, की शेठनीच शिडीखाली येऊन अक्कांची खोली ठेवायचं वचन द्यावं. नाहीतर तीन नंबरला कुणी हात लावणार नाही. शेठनी मला बोलावलं.

“तुम्ही शिकलेले, होतकरू. आकड्यांनी दाखवा, भूत नाही म्हणून. कागद लावतो दारावर.”

“आणि खोली?”

“भूत नाही, तर वचन कशाला?”

मी हिशेबाला बसलो. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात केसाहून पातळ तेलाचा थर असतो. शाफ्ट फिरताना तेल ओढून अरुंद फटीत घालतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर शाफ्ट तरंगतो. हा दाब कुठे किती, याचं समीकरण पुस्तकात होतं. ते सरळ सुटत नव्हतं. मग मी बेअरिंगची आतली बाजू पुंगळी उलगडावी तशी कागदावर सपाट केली आणि तिच्यावर चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीचा दाब शेजारच्या चार चौकटींना विचारून ठरवायचा. शेजारणींचा बदलला की हिचा बदलायचा, हिचा बदलला की पुन्हा त्यांचा. गावात माणसाची अब्रू ठरते ती साधारण याच रीतीने. आकडे हलायचे थांबले की उत्तर आलं म्हणायचं. तेल किती घट्ट आहे ते मी डब्याच्या बुडाला भोक पाडून, ते गळायला किती वेळ लागतो हे मोजून काढलं. रोज जेवणानंतर दोन तास, लॉगची कोष्टकं आणि रबर. रबराने कागद जागोजाग फाटला.

तीन आठवड्यांनी आकडे स्थिर झाले. सगळं ठीक होतं. भोकाजवळ दाब नव्हताच. तेल सुखाने आत जायला हवं होतं. म्हणजे हिशेबाप्रमाणे भूत होतं.

दोन दिवस मी त्या कागदाकडे बघत बसलो. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, पट्ट्याचा ताण तपासायला माझाच जुना नकाशा काढला. त्यावर माझ्या सुबक हाताने एक बाण काढलेला होता. बाण वर होता. पुस्तकातल्या सगळ्या चित्रांत शाफ्ट खाली दाबतो, म्हणून मीही तो खाली दाबतो असं धरलं होतं. तीन नंबरवर तो रुंद पट्टा शाफ्टला वर ओढत होता. मी भार उलटा करून पुन्हा चौकटी भरल्या. यावेळी आठवडाच लागला. सगळ्यात जास्त दाब आला तो बरोबर वरच्या भोकाखाली. तेल तिथून आत जाणं शक्यच नव्हतं. आतलंच वर फेकलं जात होतं. आबा तीन शब्दांत जे सांगून गेले होते, ते मी एकोणीस कागदांवर सिद्ध केलं होतं.

अक्का झाडायला ऑफिसात येत. त्यांनी विचारलं, “काय निंघनं तुमना कागदमां?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पट्टा कुणी वर नेला तेही. त्या केरसुणी धरून ऐकत राहिल्या.

“एकडाव तरी शिडीवर चढीसन पाह्यं का तुम्ही?”

“नाही.”

“मनी रोटी दिखनी का ते उतरी येत, इतलीशी शिडी शे ती.”

मी कागद जुळवून टाचणी लावली. मग म्हणालो, की हा कागद शेठना देतो, त्यात आबांची चूक नव्हती असं लिहितो.

त्या हसल्या. मला ते हसणं अजून आवडत नाही. “शेठ अर्धा कागद वाचतीन. भूत नही, इतलंच. भूत गयं का मनी खोली बी गई.” मग केर गोळा करता करता म्हणाल्या, “ते भोक बुजाडता येस का तुमले?”

“येतं. बाजूला दुसरं पाडायचं.”

“मंग कोणले सांगू नका. पहिले शेठले बोलू द्या. मंग तेल जाऊ द्या.”

मी शेठना सांगितलं, की हिशेब जमत नाही. चेहरा पाडून सांगितलं. ते कठीण गेलं नाही. तेलाविना तापणारं तीन नंबर थंड व्हायला शाफ्ट वरचेवर थांबवावा लागे, आणि कापूस आवारात साठत चालला होता. शेठनी सोमवारी वचन द्यायचं कबूल केलं. रविवारी कारखाना बंद असताना मी पहिल्यांदा त्या शिडीवर चढलो. वरचं भोक शिशाने बुजवलं, बाजूला नवं पाडलं आणि कपातून एक वाकडी नळी तिथे आणली. वर पट्ट्याच्या कडेला धोतराच्या सुताचे दोन धागे अजून चिकटलेले होते. ते मी काढले नाहीत.

सोमवारी शेठनी फेटा बांधला. हार होता, नारळ होता, माणसं गोळा झाली. शेठनी मोठ्या आवाजात सांगितलं, की अक्का जिवंत आहेत तोवर खोली त्यांची. शाफ्ट सुरू झाला. नव्या तेलवाल्याने कप भरला. तेल हळूहळू खाली गेलं. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, तेवढाच आवाज झाला. शेठच्याही डोळ्यांत पाणी आलं. पुढे कितीदा तरी त्यांना ती खोली गोदामासाठी हवी होती, पण इतक्या माणसांदेखत आबांनी त्यांचा शब्द घेतला होता, त्यामुळे त्यांची हिंमत झाली नाही. माझ्या सहीचा कागद मात्र कुणी बदलला नाही. बदला म्हणायला एकोणीस कागद दाखवावे लागले असते. मी ते दाखवले नाहीत.

अक्का शेवटपर्यंत त्या खोलीत राहिल्या. पावसाळ्यात ती तीन ठिकाणी गळायची.