संदर्भ सापडला नाही

शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होणं म्हणजे काय, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी सरळ बँकेची परीक्षा दिली असती. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात मी या नोकरीला लागले. शनिवारी मैदानावरचा सराव आटोपला की मुलांना माझ्याकडे पाठवायचे. तासाचं नाव होतं, ‘संदर्भ कसे शोधावेत’. घामाने निथळलेली, वाटेत मिसळ हाणून आलेली ती धिप्पाड पोरं बाकावर टेकल्या टेकल्या पेंगायची. मी फळ्याकडे तोंड करून लिहायचे आणि वळले की निम्मा वर्ग झोपलेला असायचा. त्याचा राग यायचा नाही. पहाटेपासून धावलेल्या माणसाला झोप येणारच. राग यायचा तो दुसऱ्या प्रकरणाचा.

एम.पी.एड.च्या प्रत्येक प्रबंधात दुसरं प्रकरण म्हणजे ‘संबंधित साहित्याचा आढावा’. आपल्या विषयावर आधी कोणी काय काम केलंय, ते वाचून तिथे मांडायचं. आमच्याकडे ते कोणी वाचायचं नाही आणि मांडायचंही नाही. ते समोरच्या डीटीपीच्या दुकानात तयार असायचं. दुकानदार विचारायचा, “आढावा गेल्या सालचाच घालू न्हवं?” पोरगं मान डोलवायचं, की झालं संशोधन. एकदा खो-खोवरच्या प्रबंधात मधेच ‘जलतरणपटू’ उगवले. मी ते पान मार्गदर्शक सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, “मॅडम, बाइंडिंग झालंय हो आता.” काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटली की आत काही का असेना, ते खरं.

एका वर्षी पेठ वडगावकडचा एक पैलवान विद्यार्थी माझ्या तासाला चक्क जागा राहिला. शहरातल्या एका तालमीत राहून तो शिकत होता. काही दिवसांनी तो एकटाच ग्रंथालयात आला. हातात कुस्तीवरचा एक जुना प्रबंध होता. त्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, ह्ये खरं हाय काय?”

वजन उतरवण्यासाठी पैलवानाने दोन दिवस पाणी बंद ठेवलं तरी त्याची ताकद कमी होत नाही, असं ते वाक्य होतं. पुढे एका परदेशी नियतकालिकाचा हवाला होता.

“तुला कशाला हवंय ते?” मी विचारलं.

“निवडीच्या कुस्तीला मी पाणी बंद केलतं. काट्यावर वजन बरोबर भरलं, आन् कुस्तीला उतरलो तवा डोळ्यांम्होरं अंधारी आली. आडवाच झालो. ह्या प्रबंधाची एक प्रत तालमीला भेट दिलीया कुणीतरी. वस्ताद म्हणत्यात, छापलंय काय हुत न्हाय म्हणून, तूच कच्चा हाईस. माझं जाऊ द्या मॅडम, तालमीतली बारकी पोरं बी आता तसंच करत्यात.”

इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे खरा प्रश्न घेऊन आलं होतं. मला इतका आनंद झाला, की त्याला मी स्वतःच्या डब्यातली पोळी खायला घातली.

मग आम्ही कुस्तीवरचे सगळे जुने प्रबंध खाली काढले. ते वाक्य बहुतेकांत होतं. प्रत्येकाने ते आपल्या आधीच्याकडून उचललं होतं. सगळ्यांत जुन्या प्रबंधात फक्त त्या नियतकालिकाचं नाव आणि साल होतं. ते नियतकालिक आमच्याकडे नव्हतं, कोल्हापुरातच कुठे नव्हतं. मी त्याला चिठ्ठी देऊन पुण्याला धाडलं. रात्रीच्या एसटीने गेला, दिवसभर एका मोठ्या ग्रंथालयात बसला आणि परत आला.

“त्या सालचे समदे अंक चाळले. कुस्तीचा लेखच न्हाय त्यात,” तो म्हणाला. “मागचं फुडचं साल बी बघितलं.”

पाणी तोडलं की दम लवकर लागतो, असं सांगणारे दुसरे लेख मात्र त्याने शोधून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले होते. त्याचा प्रबंध कुस्तीवरच होता; त्यातला आढावा त्याने स्वतः लिहिला. जेमतेम चार पानं झाली. त्यात पाणी बंद ठेवण्याच्या त्या दाव्याबद्दल एक वाक्य होतं: ‘हा संदर्भ मूळ ठिकाणी शोधला असता सापडला नाही, म्हणून त्यावर विसंबू नये.’

त्याचे मार्गदर्शक सर माझ्याकडे तणतणत आले. “मॅडम, कशाला पोराला नादी लावता? सापडलं नाही, ही काय लिहायची गोष्ट आहे?” पैलवान शेजारीच उभा होता. “सर, मी सोता जाऊन बघितलंय की,” एवढंच म्हणाला आणि वाक्य काही काढलं नाही.

तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी प्रबंध हातात तोलून पाहिला आणि आढावा अपुरा असल्याचा शेरा मारला. पोराला दुसरा वर्ग मिळाला. डीटीपीवाल्याची चाळीस पानं लावणारे सगळे पहिल्या वर्गात पास झाले. मला घरी जाऊन रडू आलं. तो मात्र “जाऊ द्या मॅडम” म्हणून निघून गेला.

पुढे ग्रंथालयात संगणक आले, इंटरनेट आलं, दुकानातला आढावा सीडीवर मिळू लागला. एका वर्षी नव्याने जमा झालेला कुस्तीवरचा प्रबंध चाळताना मला पैलवानाचं ‘मूळ ठिकाणी शोधला असता सापडला नाही’ हे वाक्य दिसलं, शब्दाला शब्द. मी त्या विद्यार्थिनीला बोलावलं. “कुठे शोधलास गं हा संदर्भ?” तिला माझा प्रश्नच कळला नाही. “शोधला म्हंजे? मागच्या प्रबंधात हुतं की मॅडम.” पुढच्या वर्षी ते आणखी एका प्रबंधात आलं. तेव्हापासून मी नवे प्रबंध उघडायचं सोडलं. शिक्का मारायचा आणि कपाटात ठेवायचा.

मग एके दिवशी पैलवान भेटायला आला. आता तो कागलकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होता आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या तालमीत पोरांना शिकवायचा. मी त्याच्यापुढे सगळी मळमळ ओकली. तो हसायलाच लागला.

“मॅडम, वस्तादांनी पाणी चालू केलंय आता.”

“तुझं ऐकलं त्यांनी?”

“माझं कवा ऐकत्यात? माझा प्रबंध दिलता, तो बी चाळून बाजूला ठेवला. एकटा तूच म्हणतोस, म्हणाले. पन मागनं आणखी दोन प्रबंध आले तालमीला. दोन्हीत माझंच वाक्य लिव्हलेलं. मग म्हणाले, तीन-तीन ठिकाणी छापलंय म्हंजे खरंच असणार. पाजा पोरांस्नी पाणी.”

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आता त्या तालमीत वजनापायी कोणाला अंधारी येणार नव्हती. पण तो गेल्यावर मी खडू उचलून फळ्यावर ‘संदर्भ कसे शोधावेत’ लिहिलं. तासाची वेळ झाली होती, पोरं बाकांवर येऊन बसली होती. त्या बारक्या पोरांना पाणी मिळालं ते एकाने शोधलं म्हणून नाही, बाकीच्यांनी न शोधता उतरवलं म्हणून. आणि हे मी या वर्गाला कोणत्या तोंडाने सांगायचं?