एका तिथीची दोन लग्नं

राहात्याच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, उभा जन्म लग्नांचे फोटो काढत आलेत. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते, त्यामुळे घरात मला हुशार समजतात. त्या समजुतीनंच घात केला.

लग्नसराई तोंडावर आली होती आणि अण्णांच्या हार्ड डिस्क गच्च भरल्या होत्या. मी म्हटलं, सगळं क्लाउडवर टाकू, डिस्क मोकळ्या होतील. फाइली हलवायला तयार क्लायंट लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्राम, मिळते. कुठून उचलायचं, कुठं ठेवायचं आणि उचलल्यावर मूळ फाइलचं काय करायचं, एवढं तिला थोडक्या ओळींत सांगायचं, बाकीची हमाली ती करते. मी ती पहिल्यांदाच वापरत होते. नवशिक्यांसाठी दिलेला नमुना उतरवून घेतला, दहा फोटोंवर चालवला. दहाच्या दहा वर गेले आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

अण्णांनी डिस्कना नावं ठेवली होती ती अशी: काळी, मोठी काळी, पट्टीवाली. असली गावंढळ नावं वर कशाला न्यायची म्हणून मी ती गाळली. आत प्रत्येक लग्नाचा फोल्डर होता, त्यावर फक्त लग्नाची तारीख. तेवढं मला पुरेसं वाटलं. वर त्याच नावाची फाइल असेल तर तिच्या जागी नवी ठेवायची, आणि वर गेलेली फाइल डिस्कवरून पुसायची, हेही मीच सांगितलं. काम संपल्यावर ‘यशस्वी’ असं लिहून आलं, त्रुटी शून्य. त्याच आठवड्यात त्या डिस्कवर नवी लग्नं चढायला लागली.

जूनमध्ये जवळच्या खेड्यातली एक बाई आली. पिशवीतून तिनं दहावीच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स काढली. त्यावरच्या मुलीचं तोंड म्हणजे नुसता काळा डाग.

“माझी लेक हाय,” ती अण्णांना म्हणाली. “सासरी वारली. लग्नाचं फोटो तुमीच काढल्यालं. अल्बम तिकडंच ऱ्हायला, आन् आता तिकडं आमचं जाणं न्हाई. एक मोठा करून द्या, घरात लावायला. दुसरा फोटूच न्हाई वं तिचा.”

लग्नाची तारीख तिला पाठ होती. मी तो फोल्डर उघडला. मांडव भलता, नवरी भलतीच. बाईनं स्क्रीनकडं पाहिलं आणि म्हणाली, “ही न्हाई.”

अण्णांनी ऑर्डरची वही काढली. ती मोठी तिथ होती. अशा तिथीला अण्णा दोन लग्नं धरायचे. एकावर स्वतः जायचे, दुसऱ्यावर भागीदाराला धाडायचे. प्रत्येक लग्नाला कॅमेऱ्याचं कार्ड कोरं करून फोटोंचे नंबर पुन्हा एकपासून सुरू करायचे, हा त्यांचा शिरस्ता. एक लग्न काळीत, दुसरं पट्टीवालीत. तारीख एक, नंबर तेच. डिस्कचं नाव गाळल्यावर दोन्ही लग्नांचे फोटो माझ्या लेखी एकच झाले होते. दुसऱ्याचे फोटो जास्त होते; ते लग्न पहिल्यावर चढत गेलं, एकेका फोटोनं पहिल्याला पूर्ण पुसत, आणि लायब्ररीनं मी सांगितलं तेच इमानानं केलं. डिस्कवरून काही परत मिळतं का तेही पाहिलं. त्या जागी दुसऱ्याच कुणाची हळद निघाली.

अण्णा बाईला म्हणाले, “ताई, डिस्क खराब झाली.” पंचवीस वर्षांत एक फोटो न हरवलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी ते बोलू दिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

बाई रडली नाही. झेरॉक्सची घडी घालता घालता थांबली. “तिच्या लग्नाच्या आदल्या साली आमच्या शेजारच्याचं लगीन हुतं. तेबी तुमचंच. ती आल्ती माझ्यासंगं.”

ते लग्न आडतिथीचं, त्या दिवसाचं एकच; म्हणून शाबूत होतं. ती माझ्याशेजारी बसली आणि आम्ही एकेक फोटो पाहत गेलो. वऱ्हाड, वरमाला, आहेर. दुपार सरत आली तेव्हा तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं. जेवणाची पंगत होती. तिसऱ्या पानावर एक मुलगी, मान खाली, घास तोंडाशी नेलेला. अर्धा चेहरा वाढप्याच्या हाताआड.

“ही.”

अण्णांनी तेवढाच भाग कापून मोठा केला. हात खोडून काढता येतो, पण त्यामागचा चेहरा आणायचा कुठून? मी मान वर असलेला दुसरा फोटो शोधू लागले. आणखी शेकडो पाहिले. एकही नव्हता. मी म्हटलं, “मावशी, हा नीट यायचा नाही. अर्धं तोंड झाकलंय, आणि त्यात जेवतेय.”

“जेवती हाय त्येच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तिकडं दोन वरसं तिला कुनी पोटभर जेवू दिलं न्हाई.”