साहेब पळत नसत

साहेब मैदानात उभे राहत. बाकीचे जीव खाऊन पळत असताना हा माणूस मधल्या गोलात कमरेवर हात ठेवून उभा. बॉल त्यांच्यापाशी आला की एकदा मान वर करून बघायचे आणि डाव्या पायानं असा पास सरकवायचे, की समोरची अख्खी फळी भलतीकडेच गेलेली असायची. आम्ही शिट्ट्यांनी नांदेडचं ते मैदान डोक्यावर घ्यायचो. कुणी नवखा ओरडला, "अबे पळ की जरा!" तर आम्हीच त्याला गप करायचो. साहेब कुठं पळतात का?

खरं नाव इरफान. लातूरचे. घरचा पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवायचा जुना धंदा. शिकायला नांदेडला आले आणि कॉलेजच्या टीमचे झाले. 'साहेब' हे नाव आमचं, बघणाऱ्यांचं. दुसऱ्यांना पळवतो आणि स्वतः उभा राहतो, तो साहेब. साधा हिशेब होता.

तिशी गाठायच्या आत ते गेले. लातूरला मयतीला गेलो तेव्हा त्यांच्या चुलतभावाकडून कळलं. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात काळजाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी पळायला मनाई केली होती. आम्ही ज्याला ऐट समजून टाळ्या वाजवल्या, तो लागलेला दम होता. वर्षानुवर्षं आम्ही एका माणसाच्या दुखण्यावर शिट्ट्या मारल्या. हे मी तेव्हापासून मनातल्या मनात बोलतोय. लिहून पहिल्यांदाच काढतोय.

मी लोह्याजवळच्या खेड्यातला. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला, आणि ते मी चारचौघांत छाती काढून सांगतो. पण नांदेडला आलो तेव्हा माझी छाती एवढीशी होती. गावात कबड्डी आणि क्रिकेट, फुटबॉल पाहिला तो टीव्हीवर. मैदानाच्या कडेला अंग चोरून बसायचो. एके दिवशी बॉल माझ्याकडे आला. साहेब उभ्या जागेवरून म्हणाले, "हातानं नको, पायानं दे. लाजतो कशाला? बॉलला काय माहीत तू कुठला हायस?" त्या दिवसापासून मी त्यांचा.

माझा जोडीदार गजानन. अर्धापूरचा, केळीच्या बागायतदाराचा पोरगा. आवाज असा की गोलपोस्टाची जाळी हलावी. तो साहेबांना तोंडावर विचारायचा, "साहेब, जरा पळलात तर काय झिजंल का?"

"मी कशाला पळू? बॉल हाय ना पळायला."

हे वाक्य आम्ही कॉलेजभर केलं. होस्टेलात कुणी पाणी आणायला उठत नसला, तरी म्हणायचा, "मी कशाला, बॉल हाय ना."

जिना चढताना साहेब मधल्या वळणावर थांबायचे आणि जो दिसेल त्याच्याशी बोलत बसायचे. शिपाई, मेसवाला, पहिल्या वर्षाची भेदरलेली पोरं, कुणीही. "काय म्हणतंय गाव? पाऊसपाणी?" आम्हाला वाटायचं, काय माणसांचा सोस आहे! त्या वळणावर त्यांनी किती पोरांना धीर दिला असेल. आता वाटतं, श्वास जागेवर येईपर्यंत समोरच्याला बोलतं ठेवायचे. पण मग माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं, हे त्यांनी पुढच्या आठवड्यात आठवणीनं का विचारलं असतं? दोन्ही खरं असेल. मला अजून उलगडत नाही.

एकदा कंधारचा किल्ला बघायला गेलो. साहेब दरवाज्यातच एका दगडावर बसले. "तुम्ही बघून या आन् मला सांगा. किल्ला काय पळून चाललाय का?" गजानन म्हणाला, "बघा, साहेब लोक असेच. पाहणी आपण करायची, अहवाल त्यांना द्यायचा." सगळ्यात मोठ्यानं साहेबच हसले, आणि हसता हसता खोकले. आम्ही पुढं निघून गेलो.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपवर ठरलं की साहेबांच्या नावानं एक स्पर्धा भरवायची. ग्रुपमध्ये सगळे त्यांचे जुने चाहते. कुणी मास्तर, कुणी दुकानदार, कुणी माझ्यासारखा नोकरीत. घरच्यांची परवानगी घ्यायला मी आणि गजानन लातूरला गेलो. गजाननानं केळीची फणी नेली होती. साहेबांच्या अम्मीनं ती बाजूला ठेवली, चहा दिला आणि आम्ही स्पर्धेचं काढायच्या आधीच विचारलं, "एक बात पूछूं? सच बोलना."

"बोला ना, चाची."

"डॉक्टर नको बोला था, फिर बी मैंने उसकू खेलने दिया. मेरेकू बोलता था, अम्मी, मैं तो खाली खडा रहता हूं. सच में खडाच रहता था ना?"

त्या बाईनं एवढी वर्षं हा प्रश्न उराशी धरला होता. खेळू दिलं ही आपली चूक नव्हती, एवढंच तिला आमच्याकडून हवं होतं. ते द्यायला मला किती बरं वाटलं! मी म्हणालो, "आईशप्पथ चाची, उभेच राहायचे. म्हणून तर आम्ही त्यांना साहेब म्हणायचो."

त्यांचा चेहरा सैल झाला. दुपट्ट्यानं डोळे पुसले. "झूठ नै बोलता था मेरा बच्चा," असं स्वतःशीच म्हणाल्या.

तिथंच उठायला हवं होतं. पण बॅनरवर कुठला फोटो घालायचा, ते दाखवायला गजाननानं मोबाइल काढला. शेवटच्या वर्षाच्या फायनलचा फोटो. बरोबरी होती, वेळ संपत आलेली. आणि कुठून कोण जाणे, आमच्यातून आवाज उठला, "पळा साहेब, पळा!" बघता बघता सगळं मैदान ओरडायला लागलं. साहेबांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि बॉल घेऊन निघाले. मधल्या गोलापासून थेट गोलपर्यंत. त्यांना पळताना मी तेवढंच पाहिलं. सुंदर पळायचे. गोल झाला आणि आम्ही आत घुसून त्यांना खांद्यावर घेतलं. फोटो त्या क्षणाचा. तोंड उघडं, एक हात वर. आम्ही म्हणायचो, जिंकल्याची आरोळी.

अम्मीनं मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी चेहरा मोठा केला. बराच वेळ बघितलं.

"ये दौड के आया है."

गजाननासारखा गजानन खाली बघत होता.

"क्या बोल रा इसमें?"

मला माहीत होतं. त्यांचा डावा पाय माझ्या खांद्यावर होता, त्यांचा आवाज माझ्या कानाशी होता. काहीही सांगता आलं असतं. आरोळी म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण सच बोलना, असं त्या म्हणाल्या होत्या.

"खाली ठेवा म्हणत होते, चाची. आम्हाला वाटलं, लाजून म्हणतायत."

त्यांनी फोटोवरची नजर काढली नाही.

"फिर?"

"फिर..." मी म्हणालो, "आम्ही त्यांना तसंच गेटपर्यंत मिरवत नेलं."