एक्क्यावरचा पिवळा डाग

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी तळलेल्या मासोळीचा वास येतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीकडच्या एका ठाण्यात मी नवा ठाणेदार होतो. मिशी भरघोस होती, अक्कल मागून येत होती.

खबर आणली गावातल्या धान्याच्या दुकानदाराने. दर बाजाराच्या दिवशी दुपारी एका ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, ओसरीवर तीन पत्ती चाले, डाव आण्यांचा. ढिवर त्यातून नाल, म्हणजे जागेबद्दलचा हिस्सा, काढत नसे, म्हणून अड्ड्याचा गुन्हा बसत नव्हता. पण दुकानदार म्हणाला, "साहेब, पत्त्यांवर खुणा हायेत. सात बाजार मी हरूनच राह्यलो. अन् तो ढिवर खेळताना नजर वर करत नाई. पाप नसन तं काऊन?"

पत्ते जप्त केले. पंचांसमोर पाहिलं, तर एक्के, राजे यांच्या पाठी पिवळट आणि दुऱ्या-तिऱ्या कोऱ्या! माझी छाती फुगली.

ढिवराला ठाण्यात बसवलं. फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला, तर तळ्याच्या ठेक्यातला त्याचा वाटा काढून घेऊ, असं गावाने बजावलंच होतं. तरी गडी शांत.

"सात बाजार कसा जिंकलास?"

"कवा हरलोही, साहेब. आठ आणे कंबरेले बांधून बसतो, सरले का उठतो. दुकानदारभाऊ हरले का दुप्पट लावते. जाळं रिकामं आलं म्हणून कोणी तळ्यात उडी घेते का?"

"आणि नजर खाली का?"

"ते पाहुण्याचं हाय. नाई सांगत."

आमचे जमादार मुरलेले. म्हणाले, "साहेब, लिहायच्या आधी एकदा खेळून पाहा." पुढच्या बाजाराला मी पत्त्यांचा कोरा जोड घेऊन त्याच ओसरीवर बसलो. ढिवराच्या बायकोने दर बाजारासारखी तळलेल्या मासोळीची थाळी ठेवली. थाळीवर दुकानदार तुटून पडला, त्याच्या मागोमाग मी.

तासाभरात माझे तीन रुपये गेले. डोकं तापलं. पत्ते आपटले, आणि एक्क्याच्या पाठीवर पिवळा डाग दिसला. "जमादार, पाहा! नव्या जोडावरही खूण केली यानं!"

जमादार हळूच म्हणाले, "साहेब, बोटं पाहा."

माझी बोटं हळद-तेलाने माखली होती. हलके पत्ते मी लगेच टाकत होतो. एक्का आला की घट्ट धरून बसत होतो. दुकानदाराने सात बाजार तेच केलं होतं. त्याने आपला हात गुपचूप धोतराला पुसला.

"तुला ठाऊक होतं?" मी ढिवराला विचारलं.

"होतं. पण घरी आलेल्या पाहुण्याले 'हात धू' कसं म्हणू? त्याचे पत्ते मले कळू नये, म्हून मीच नजर खाली ठेवत होतो."

गुन्हा नोंदला नाही. तळ्यातला वाटा राहिला. माझे तीन रुपये परत मागायला तोंड नव्हतं. हरणाऱ्याला समोरचा लबाड दिसतो, हे मला तासाभरात कळलं. दुकानदाराला तर सात आठवडे मिळाले होते. पुढच्या नोकरीत कुणावर बोट रोखायची वेळ आली, की मी आधी ते बोट नीट पाहून घेत असे.