भांडायला गेलो आणि कुमासीचं पाणी प्यायलो

मंडळी, आज सकाळी शेजारच्या क्वामेशी भांडायला गेलो. हा पठ्ठ्या स्वतःचा बर्फ शोव्हल करून आमच्या ड्राइव्हवेवर टाकतो.

दार त्याच्या आईनं उघडलं. बाई घानातल्या कुमासीच्या. पूर्वी कुमासी आशांती राज्याची राजधानी होती, आता प्रांताची आहे.

"आधी बसा, पाणी प्या." पाहुणा पाणी प्यायल्याशिवाय त्याला येण्याचं कारण तिकडे विचारत नाहीत म्हणे.

पाणी संपलं. "आता सांगा, काय काम काढलंत?"

"कुमासीचा बाजार केवढा हो?" मी विचारलं. मग तासभर त्यांच्या तिथल्या कापडाच्या दुकानाबद्दल ऐकलं.

निघताना त्या म्हणाल्या, "बर्फाचं मी क्वामेला सांगते."

पाहुण्याला आधी पाणी देण्याचे, अर्घ्य-पाद्याचे मंत्र पाठ असलेला मी आलेल्याला दारातच 'काय काम?' विचारतो. तुम्ही?