व्हॅनवाली काहून

मनीषनगरच्या पोरांना शाळेत नेणारी व्हॅन हर्षा चालवते. आडवा घुसणारा ऑटोवाला एकदा तिच्या तोंडी लागला की पुन्हा लागत नाही. पण हीच हर्षा सातवीत कळमेश्वरहून शहरातल्या शाळेत आली आणि पहिल्याच तासाला बाईंना 'का?' ऐवजी गावच्या बोलीत विचारून बसली, "काहून?" सगळा वर्ग खदखदून हसला. कामिनी नावाच्या हुशार मुलीनं तिचं नावच 'काहून' ठेवलं. मधल्या सुट्टीत ती हर्षाला बाकावर उभी करायची नि म्हणायची, "मोठ्यानं म्हण. मागच्या बाकाला ऐकू नाही आलं." हर्षा म्हणायची. दहावीपर्यंत म्हणत राहिली आणि पुढे शिकायचं तिनं नावही काढलं नाही.

डूख मात्र पक्का धरला. गेल्या जूनमध्ये तिसरीतल्या अदितीला व्हॅनमध्ये बसवायला तिची आई खाली आली, ती कामिनीच. मिहानमधल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, गळ्यात ओळखपत्र. तिनं हर्षाला ओळखलं नाही. "जरा सांभाळून चालवा हं, मावशी," म्हणाली. एका वर्गातली बाई मावशी म्हणते! हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं गिअर टाकला नि गाडी काढली.

अदिती पुढे बसायची आणि अखंड बडबडायची. हर्षाही तिच्याशी आपल्या बोलीत बोलायची. दिवाळीपर्यंत पोरगी "काकू, गाडी काहून थांबवली?" असं विचारू लागली. मग एकदा शाळेतही तिच्या तोंडून तेच निघालं. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून सातवीतला ऋषिकेश ओरडला, "ए काहून!" आणि सगळी व्हॅन हसली.

खरं सांगायचं तर हर्षाच्या जिवाला गार वाटलं. चांगली जिरली कामिनीची! आरसा तिरका करून मागचा तमाशा बघत तिनं आठवडाभर गाडी चालवली. अदिती आधी बोलायची थांबली. मग एका सकाळी शाळा आली तरी ती खाली उतरेना. पोट धरून म्हणाली, "काकू, पोट दुखतं."

हे पोटाचं दुखणं हर्षाला चांगलं ठाऊक होतं. सातवीत ती रोज सकाळी असंच पोट धरून बसायची. तिला स्वतःचा संताप आला. आणि कामिनीपायी आपल्याला आपलाच संताप यावा, याचा तर त्याहून जास्त आला.

संध्याकाळी ती सरळ कामिनीच्या दारात उभी राहिली आणि व्हॅनमध्ये काय चाललंय ते सांगितलं. कामिनीला रडूच फुटलं. "माझी पोर कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिलाच काहून छळतात?"

"काय म्हटलं वं?" हर्षा म्हणाली. "पुन्हा म्हण."

कामिनीनं तोंडावर हात ठेवला. "माझ्या आईकडे असंच बोलतात. मी बाहेर नाही बोलत." मग तिनं पहिल्यांदा या बाईकडे नीट पाहिलं. "तू... कळमेश्वरची?"

"नाव सांग माह्यं."

कामिनीला नाव आठवेना. आठवत होता तो एकच शब्द, आणि तो उच्चारायची तिची हिंमत होत नव्हती.

"हर्षा," हर्षानंच सांगितलं. "उद्या माह्या व्हॅनमधी बसायचं. पोराईले सांगायचं, तुह्या माहेरी काय बोलतात ते. अन् तू काय केलं तेही."

सकाळी ऋषिकेशला हर्षानं पुढे आपल्या शेजारी आणून बसवलं. आता वर्षभर त्याची जागा तीच. कामिनी अदितीला मांडीवर घेऊन मधे बसली. खाली मान घालून ती पुटपुटली, "आमच्या घरी आम्ही काहूनच म्हणतो. मीसुद्धा. आणि शाळेत असताना त्याच शब्दावरून मी एका मुलीला फार छळलं."

हर्षानं इंजिन बंद केलं. तिरका आरसा सरळ केला आणि त्यात बघत म्हणाली, "मोठ्यानं म्हण. मागच्या सीटले ऐकू नाही आलं."